साध्या बी.कॉम.ची बाजू

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बारावीनंतर व्यापार, हिशेब आणि वित्त शिकण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली साध्या बी.कॉम.ची. जुन्या महाविद्यालयांत ती बहुतेक अनुदानित असते, शुल्क कमी असते आणि एका तुकडीत शंभरावर विद्यार्थी बसतात. दुसरी वाट स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘सेल्फ फायनान्स’ अभ्यासक्रमांची: बीएमएस, बीएएफ, बीबीआय, बीएफएम. व्यवस्थापन, लेखाकर्म व वित्त, बँकिंग व विमा, वित्तीय बाजार ही क्षेत्रे त्यांच्या नावातच सांगितलेली असतात. तुकडी लहान आणि शुल्क कितीतरी पटींनी जास्त.

१९९९च्या सुमारास बीएमएस सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचे आले. त्यांच्याबरोबर एक मतही घट्ट होत गेले: साधा बी.कॉम. निरुपयोगी आहे, दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्यांनी तो करावा. करिअर मेळाव्यांत, क्लासच्या जाहिरातींत आणि पालकांच्या बोलण्यात हे मत आता सिद्ध झाल्यासारखे वावरते. अलीकडे त्याच्या पुढची पायरीही सांगितली जाते: हिशेब सॉफ्टवेअर करते, बाजार मोबाइलवर आहे, मग तीन वर्षांची पदवी हवीच कशाला, सहा महिन्यांचे प्रमाणपत्र पुरे. हे मत चुकीचे आहे. बी.कॉम.मध्ये दोष नाहीत म्हणून ते चुकीचे आहे असे नाही. दोष भरपूर आहेत. पण टीकाकार बोट ठेवतात तिथे ते बहुतांशी नाहीत, आणि सुचवले जाणारे उपाय त्या दोषांना स्पर्शही करत नाहीत.

मुंबईत वाणिज्याचे महाविद्यालयीन शिक्षण १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयाच्या स्थापनेने सुरू झाले. आशियातले हे पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. कापूस, गिरण्या आणि पेढ्यांच्या या शहरात हिशेब लिहिणाऱ्यांचा तुटवडा नव्हता, मुनीम होतेच. उणीव होती ती जाहीर कंपन्यांचे ताळेबंद तयार करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांची. त्याच वर्षी आलेल्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न पुढे आणला. १९१८ मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला आणि परीक्षेला तीन वर्षांच्या उमेदवारीची जोड दिली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून सिडनहॅममध्ये रुजू झाले आणि १९२० पर्यंत तिथे शिकवत होते.

लेखाकर्माच्या महाविद्यालयात चलनाचा अभ्यासक अध्यापक असणे ही शोभेची बाब नव्हती. त्याच काळात रुपयाचा विनिमय दर चढत गेला आणि १९२० मध्ये कोसळला. दर चढा असताना विलायतेत मालाच्या ऑर्डरी नोंदवलेले अनेक आयातदार त्यात अडचणीत आले. वही बिनचूक लिहिणारा व्यापारीही अशा वेळी बुडतो, आणि का बुडला हे वहीत कुठेच सापडत नाही. त्यासाठी चलन, व्याजदर आणि किमती कशा हलतात हे कळावे लागते. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या सिडनहॅममधल्या विद्यार्थ्यांपुढे तोच प्रश्न रोजच्या बाजारात उभा होता. हिशेब, कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच छपराखाली शिकवण्याची बी.कॉम.ची घडण अशी गरजेतून आलेली आहे. माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयाने १९४१ मध्ये आणि पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाने १९४३ मध्ये तीच घडण स्वीकारली.

या घडणीतून विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडते ते एका साध्या उदाहरणावरून पाहता येते. बँक जुळवणी पत्रक हा प्रकार अकरावीतच भेटतो आणि पुढे लेखापरीक्षणापर्यंत सोबत करतो. समजा, एका दुकानाच्या रोकडवहीप्रमाणे बँकेत ८४,५०० रुपये शिल्लक आहेत. पासबुक मात्र ९५,५०० दाखवते. ११,००० रुपयांच्या या फरकाची फोड करायची असते. दुकानदाराने दिलेले पण पुरवठादारांनी अजून न वटवलेले चेक १८,००० रुपयांचे आहेत, ते मिळवायचे. दुकानदाराने भरलेले पण बँकेने अजून जमा न केलेले चेक १२,५०० रुपयांचे, ते वजा करायचे. बँकेने परस्पर कापलेले ५०० रुपये शुल्क वजा. एका गिऱ्हाईकाने थेट खात्यात भरलेले ६,००० रुपये मिळवायचे. दोन्ही आकडे जुळतात.

आकडे जुळले की परीक्षेतला प्रश्न संपतो, पण विषय तिथून सुरू होतो. पुरवठादार १८,००० रुपयांचे चेक वटवत का नाहीत? चेकची मुदत तीन महिन्यांची असते. तो काळ उलटून गेला असेल तर ते देणे खरे आहे की कागदावर उभे केलेले? १२,५०० रुपयांचे चेक महिन्याच्या शेवटच्या तारखेलाच भरलेले दिसतात, ते पुढच्या महिन्यात खरोखर जमा झाले की परत आले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुळवणीसाठी वापरलेले पासबुक कोणी आणून दिले, दुकानदाराने की बँकेने? हे प्रश्न विचारता येणे म्हणजे वाणिज्य शिकणे. आकडा पुढे आला की तो कुठून आला, त्याला दुजोरा कोणाचा, आणि तो चुकीचा असण्यात कोणाचा फायदा आहे, हे पाहण्याची सवय या विषयाने लागते.

ही सवय नसण्याची किंमत देशाने ७ जानेवारी २००९ रोजी मोजली. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात मान्य केले की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोकड व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. कंपनी संगणकाच्या धंद्यातली होती, तिला हिशेबाच्या यंत्रणेची उणीव नव्हती. त्या यंत्रणेने बनावट बीजके आणि बनावट ठेवी खऱ्या नोंदींइतक्याच मुकाट्याने स्वीकारल्या. बँकेकडून शिलकीचा थेट दुजोरा घेतला होता का, हा प्रकरणाच्या केंद्रस्थानी राहिलेला प्रश्न म्हणजे अकरावीच्या जुळवणी पत्रकातलाच शेवटचा प्रश्न आहे.

मुंबईचे उदाहरण आणखी जवळचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. ही मर्यादा पुढे वाढवावी लागली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकलेली होती आणि ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी कर्जखाती कागदावर तयार केलेली होती. एकाच कर्जदाराला किती कर्ज द्यावे यावर मर्यादा का असते, हे बँकिंगच्या पाठ्यपुस्तकातले अगदी प्राथमिक प्रकरण आहे. पदवीधरांनी भरलेल्या संस्थेत हा प्रकार वर्षानुवर्षे चालला, हे खरेच आहे. पदवीने प्रामाणिकपणा येत नाही. पण असे प्रकार उघडकीला येतात ते आकड्यांवर शंका घेता येणाऱ्या माणसांमुळेच. अशी माणसे शाखेत, लेखापरीक्षणात, सोसायटीच्या समितीत आणि ठेवीदारांच्या रांगेतही लागतात.

आता आरोपांकडे. पहिला आरोप असा की अभ्यासक्रम जुना आहे आणि उद्योगांना लागते ते शिकवत नाही. येथे ‘लागते ते’ म्हणजे बहुधा आज कार्यालयात वापरात असलेले सॉफ्टवेअर आणि आज लागू असलेली कलमे. ती किती टिकतात ते पाहावे. १९५६चा कंपनी कायदा जाऊन २०१३चा आला. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि व्हॅट, सेवा कर, अबकारी करावरची पानेच्या पाने निकामी झाली. १९६१चा आयकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात ५३६ कलमे आणि १६ अनुसूची आहेत, आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या दोन कल्पनांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आले आहे. ज्याने १९६१च्या कायद्याचे कलम क्रमांक पाठ केले त्याचे पाठांतर एका रात्रीत संपले. ज्याला उत्पन्न आणि भांडवल यांतला फरक कळला, करपात्र उत्पन्न पाच शीर्षकांत का विभागले जाते हे समजले आणि कलम वाचून त्यातली अट, अपवाद आणि व्याख्या वेगळ्या काढता येतात, त्याला नवा कायदा नव्याने वाचणे पुरते. विद्यापीठाने शिकवायचे ते हे. कंपनीचे आजचे सॉफ्टवेअर कंपनीने शिकवावे. ते तिचे काम आहे, तिला ते जास्त चांगले जमते, आणि त्याचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून का निघावा याला कोणतेही समर्पक उत्तर नाही.

दुसरा आरोप म्हणजे साधा बी.कॉम. ‘ढोबळ’ आहे, विशेष नावाचा अभ्यासक्रम ‘नेमका’ आहे. हा आरोप सर्वांत जास्त खपतो आणि त्यात तथ्य सर्वांत कमी आहे. मुंबई विद्यापीठाच्या बीएएफ, बीबीआय आणि बीएफएम या पदव्या मुळात बी.कॉम.च आहेत, पदवीपत्रावर बी.कॉम. आणि पुढे कंसात विशेष क्षेत्र असते. वित्तीय लेखाकर्म, परिव्यय, करनिर्धारण, व्यावसायिक कायदा, अर्थशास्त्र हे गाभ्याचे विषय दोन्हीकडे भेटतात. बीएएफमध्ये लेखाकर्माला खरोखर जास्त तास मिळतात आणि सीए करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवे. बाकीच्या फरकाचा मोठा भाग वर्गसंख्या, सादरीकरणे, औद्योगिक भेटी आणि शुल्क यांत आहे. लहान वर्ग आणि जास्त लक्ष यांचा लाभ होतोच, पण तो लाभ लहान वर्गाचा आहे, विशेष नावाचा नाही. साध्या बी.कॉम.ची तुकडी साठांची केली तर तिलाही तो मिळेल.

नावाचा पोकळपणा २०२४ मध्ये सर्वांसमोर आला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्या वर्षापासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. जागा लाखाच्या वर होत्या, परीक्षार्थी त्यापेक्षा खूपच कमी आले आणि परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी दुसरा मार्ग काढला: बीएमएसच्या जागी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज). इमारत तीच राहिली, शिक्षक तेच राहिले, अभ्यासक्रमही बहुतांशी तोच. पंचवीस वर्षे ज्याला बी.कॉम.पेक्षा निराळे आणि वरचढ म्हणून पालकांपुढे ठेवले, ते एका प्रवेश हंगामात बी.कॉम. झाले. वेगळे नाव हे वेगळ्या ज्ञानाचे लक्षण असते तर हे शक्य झाले नसते. महाविद्यालयांना दोष देऊन भागत नाही. नव्या तुकड्यांना अनुदान देणे सरकारने थांबवल्यावर महाविद्यालय वाढवण्याचा एकच रस्ता उरला, शुल्कावर चालणारा अभ्यासक्रम, आणि वाढीव शुल्क मागायला वेगळे नाव लागते. हे अर्थकारण समजण्यासारखे आहे. त्यालाच शैक्षणिक प्रगती म्हणणे समर्थनीय नाही.

कोवळ्या वयात विषय अरुंद करण्याविरुद्धचा पुरावा जुना आणि बाहेरचाही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये स्थापन झाले, आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेत व्यवसाय शिक्षणाच्या पदव्यांचे पेव फुटले. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पाठबळाने झालेले दोन स्वतंत्र अहवाल एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. एक गॉर्डन आणि हॉवेल यांचा, दुसरा पिअरसन यांचा. दोघांचीही मुख्य तक्रार होती ती अतिविशेष, धंदेवाईक अभ्यासक्रमांच्या भाऊगर्दीची, आणि दोघांनीही अर्थशास्त्र, गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा पाया रुंद करण्याची शिफारस केली. मुंबईत सतरा वर्षांच्या मुलीला आधी ‘बँकिंग व विमा’ की ‘वित्तीय बाजार’ हे निवडायला लावले जाते, तेव्हा तिने बँकेत खाते उघडण्यापलीकडे यांतले काहीही पाहिलेले नसते. तिची निवड बहुतेक वेळा कट-ऑफ आणि घरापासूनचे अंतर ठरवते. रुंद पदवी तिला ती निवड तीन वर्षे पुढे ढकलू देते, आणि ही सवलत ज्यांच्या घरात आधी कोणी या क्षेत्रात गेलेले नाही त्यांना सर्वांत जास्त लागते.

तिसरा आरोप पदवीलाच लागू होतो: बाजाराची प्रमाणपत्रे असताना विद्यापीठ कशाला? सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या परीक्षा उपयुक्त आहेत. म्युच्युअल फंड वितरक व्हायचे तर त्यातली परीक्षा द्यावीच लागते. पण त्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात त्या काळच्या नियमांची माहिती तपासली जाते. एखादे काम करण्याचा परवाना आणि एखादा विषय कळणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीची जागा घेत नाही. त्याचा दाखला सेबीनेच दिला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. तीस वर्षांखालच्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले होते. ही मुले बाजाराच्या तंत्राला अपरिचित नाहीत. आलेख वाचण्याचे क्लास त्यांनी लावलेले असतात आणि मोबाइलवर ऑर्डर टाकणे त्यांना सरावाचे असते. अपेक्षित मूल्य म्हणजे काय, प्रत्येक व्यवहारावरचा खर्च साठत कसा जातो, समोरच्या बाजूला कोण बसले आहे, हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. एफवाय बी.कॉम.च्या गणित आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकात संभाव्यतेचे प्रकरण असते. ते नीट शिकवले तर त्याचा उपयोग कोणत्याही बाजार-क्लासपेक्षा अधिक आहे.

सीए करायचेच आहे तर बी.कॉम. कशाला, असाही एक प्रश्न विचारला जातो. चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था १९४९च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिची परीक्षा पदवीपेक्षा अवघड आहे यात वाद नाही. पण त्या परीक्षेला बसणाऱ्या बहुसंख्यांना ती पूर्ण करता येत नाही, आणि ज्यांनी बारावीनंतर सगळे लक्ष तिच्यावरच ठेवले त्यांच्या हाती अखेर पदवीच उरते. शिवाय पायाभूत परीक्षा न देता इंटरमिजिएटच्या टप्प्यात थेट प्रवेश घेण्याच्या वाटेत संस्थेनेच वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर पदवीधरांना ६० टक्के गुणांची अट ठेवली आहे. इंटरमिजिएट गाठण्यासाठी बी.कॉम.चा पाया ग्राह्य आहे असे ती संस्था मानते.

राहिला नोकरीचा प्रश्न. साध्या बी.कॉम.नंतरच्या पहिल्या नोकरीचा पगार कमी असतो आणि अनेकांना ती नोकरीही लवकर मिळत नाही. या तक्रारीला उत्तर देताना ती नाकारू नये. पण तुलना कोणाशी हे पाहायला हवे. बँकांच्या आयबीपीएस परीक्षा, एमपीएससीचे राज्यकर निरीक्षक पद, विमा कंपन्या यांना पदवी लागते, पदवीचे विशेष नाव लागत नाही. सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए परीक्षेतून सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा मार्ग खुला होतो, आणि महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांची संख्या पाहता हे काम संपणारे नाही. सांगलीतल्या किंवा लातूरमधल्या पदवीधराला बाजारपेठेतच जीएसटीची विवरणपत्रे भरून देण्याचे काम मिळते. या कामांना प्रतिष्ठा कमी मिळते, म्हणून करिअर मेळाव्यांत त्यांचा उल्लेख होत नाही.

आता खरे दोष. पहिला आणि सर्वांत मोठा दोष परीक्षेत आहे. जुळवणी पत्रकाचा प्रश्न ठरावीक साच्यात येतो, अपेक्षित प्रश्नसंचात तो आधीच सोडवलेला असतो, आणि आकडे बदलून तोच पुन्हा विचारला जातो. फरक का पडला हे विचारणारा प्रश्न सहसा येत नाही, कारण हजारो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या असतात आणि साचा तपासायला सोपा असतो. प्रकाशित ताळेबंद विद्यार्थ्यापुढे तीन वर्षांत एकदाही ठेवला जात नाही, अशी महाविद्यालये थोडीथोडकी नाहीत. शेअर बाजारात नोंदवलेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल आज फुकट उपलब्ध आहे. त्यातला एक घेऊन त्यावर पंचवीस गुणांचे प्रश्न काढायला वेगळा निधी लागत नाही, प्राधिकरणाची परवानगीही लागत नाही.

दुसरा दोष शिक्षकांच्या नेमणुकीत आहे. मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमले जातात. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही उशिरा, आणि दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करून ते घर चालवतात. अशा शिक्षकाने नवा आयकर कायदा वाचून नोट्स नव्याने काढाव्यात ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा दोष सेल्फ फायनान्स अभ्यासक्रमांत कमी नाही, बहुधा जास्तच आहे, कारण तिथे कायम पदे मुळातच थोडी असतात. वरचढ म्हणवणारी वाटही या खड्ड्यातूनच जाते.

तिसरा दोष प्रत्यक्ष कामाच्या अभावाचा. येथे टीकाकारांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते नवे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९च्या अहवालातच शिफारस केली होती की वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शिकत असताना तीन-चार निरनिराळ्या प्रकारच्या पेढ्यांत काम करण्याची संधी मिळावी. एकाच ठिकाणी नाही, तीन-चार ठिकाणी. म्हणजे सवय एका साहेबाच्या पद्धतीची न लागता तुलना करता यावी. पाऊणशे वर्षे ही शिफारस कागदावर राहिली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात चार श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १२० तासांचे कार्यप्रशिक्षण आले आहे. ते एका ठिकाणच्या सहीशिक्क्यावर उरकले जाण्याचा धोका उघड आहे. त्याऐवजी चाळीस तास सीएच्या कार्यालयात, चाळीस पतसंस्थेत आणि चाळीस एखाद्या कारखान्याच्या भांडार विभागात, अशी वाटणी केली तर १९४९ची शिफारस पहिल्यांदा अमलात येईल.

त्याच धोरणाने एक नवी अडचणही आणली आहे. पहिल्या वर्षी सत्राच्या २२ श्रेयांकांपैकी मुख्य विषयाच्या वाट्याला साधारण सहाच येतात. बाकीचे खुले ऐच्छिक विषय, कौशल्य, मूल्ये, ज्ञानपरंपरा आणि सहअभ्यासक्रम यांत वाटले जातात. रुंदी आली असे वाटते, पण हिशेबाला अर्थशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्राची जोड देणारी रुंदी ही नव्हे. दोन श्रेयांकांचे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचे खुले ऐच्छिक विषय निवडताना महाविद्यालयांनी व्यावसायिक कायदा, भारताचा आर्थिक इतिहास आणि संख्याशास्त्र यांना प्राधान्य दिले तर नियम न मोडता ही जोड टिकवता येते.

शेवटचा मुद्दा भाषेचा. पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत बी.कॉम.चे अनेक विषय मराठीतून शिकता आणि लिहिता येतात. बीबीए आणि त्याच्या भावंडांचा कारभार इंग्रजीतून चालतो. बारावीपर्यंत ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ मराठीतून शिकलेल्या, तेरीज, घसारा आणि ताळेबंद या शब्दांत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला साध्या बी.कॉम.खेरीज दुसरीकडे जागा नाही. इंग्रजी त्याला शिकावीच लागेल, कारण कायदे, लेखामानके आणि वार्षिक अहवाल इंग्रजीत आहेत. पण ती विषयाबरोबर शिकवता येते, विषयाच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभी करण्याची गरज नाही. पदवी स्तरावर लेखापरीक्षण, करनिर्धारण आणि वित्तीय व्यवस्थापन यांची अद्ययावत मराठी पुस्तके थोडी आहेत, आणि जी आहेत त्यातली बरीच परीक्षेपुरती आहेत. आयकराचा नवा कायदा लागू झाल्याने जुनी सगळीच पुस्तके आता नव्याने लिहावी लागणार आहेत. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी ती साच्यातले प्रश्न सोडवणारी न लिहवता, कलम कसे वाचावे आणि आकड्याला दुजोरा कसा मागावा हे शिकवणारी लिहवून घ्यावीत, आणि दोन्ही भाषांत एकाच वेळी काढावीत.